धाकट्या पांडवाचा पगार

हिशेब सरळ होता. शेजारच्या लंकाबाईचा निराधारांचा पगार महिन्याला शंभर रुपये, आणि तो सहा महिने तुंबून एकदम आलेला. म्हणजे सहाशे. कर्जतच्या दुकानात काळ्यापांढऱ्या पोर्टेबल टीव्हीचा पहिला हप्ता, तोही सहाशेच. बिभीषणाला हे दोन्ही आकडे एकाच बाजाराच्या दिवशी कळले, आणि दोन सारखे आकडे एका दिवशी कानावर पडले की ते देवानेच शेजारीशेजारी मांडलेत असं समजणारा तो माणूस होता. दुसरा हप्ता कुठून भरायचा, हा आकडा देवाने मांडला नव्हता, म्हणून त्यानेही मांडला नाही.

टीव्ही त्याला हवा होता तो अब्रूसाठी. गावात टीव्ही एकच, गोरक्षनाथाच्या घरी. रविवारी संध्याकाळी तिथे पिक्चर लागला की पुढे पोरं, मधे बायका, भिंतीला टेकून म्हातारे, आणि बिभीषणाची जागा उंबऱ्याबाहेर, चपलांच्या ढिगात. कारण पिक्चर चालू असताना पुढे काय होणार ते तो आधीच सांगायचा, आणि नेमकं तेच व्हायचं. गोरक्षनाथ म्हणायचा, "बिभीषणराव, तुमाला सगळं ठावकीच हाय, मग बघायला कशाला येता?" लोक हसायचे. तो अपमान बिभीषण दर रविवारी गिळायचा आणि सोमवारी तो घशाशी परत वर यायचा.

लंकाबाई त्याची नात्यातली नव्हे. भिंतीला भिंत लागून घर, म्हणून मावशी. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, एकुलती लेक ज्योती संगमनेरला दिलेली. लेकीच्या बाळंतपणाला निघताना लंकाबाईने तीन चिजा बिभीषणाच्या हवाली केल्या: घराची किल्ली, बँकेचं पासबुक आणि एक कोंबडी.

"कोंबडीवर ध्यान ठिव रं बाबा. लई भटकी हाय," तिने दोनदा बजावलं. पासबुकाबद्दल ती काही बोलली नाही. सातवी शिकलेल्या माणसाच्या घरात कागद नीट राहतो, अशी तिची समजूत होती.

पासबुकावर फोटो होता, पण तो असून नसल्यासारखा. फोटोग्राफरचा दिवा लखकन पेटला तशी लंकाबाईने झटक्यात पदर तोंडावर ओढला होता, आणि दुसऱ्या फोटोचे तो वेगळे पैसे मागत होता. त्यामुळे फोटोत दिसत होता तो पदर आणि नाकाचा शेंडा. एवढ्या ऐवजावर जिल्ह्यातली कुठलीही बाई लंकाबाई ठरली असती. बिभीषणाने आपल्या बायकोच्या, छबूबाईच्या, नाकाकडे निरखून बघितलं आणि मनाशी मान डोलावली.

"मी न्हाई जायची," छबूबाई म्हणाली.

"अगं, अंगठा तर उठवायचाय. सगळ्यांचे अंगठे निळेच दिसत्यात."

"मावशीचं पैसं हायेत ते."

"मावशीचेच हायेत. मी कुठं माजे म्हन्तो? टीव्ही आला की मावशीला फुडं बसवू. गादीवर."

छबूबाईलाही रविवारी बायकांच्या गर्दीत गोरक्षनाथाच्या बायकोचं कोपर खावं लागे. ती थोडी विरघळली. पण खरी अडचण पुढेच होती. लंकाबाई विधवा. म्हणजे कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळे.

"कुकू पूस घटकाभर," बिभीषण चाचरत म्हणाला.

"तुमी धडधाकट समोर हुबं असताना? मी पुसलं आन वाटंत तुमाला टेम्पोनं उडीवलं, मग?"

टेम्पोचा विचार बिभीषणाने केला नव्हता. आता तो दुसरा कुठलाच विचार करू शकेना. शेवटी तोड निघाली: कुंकू तसंच ठेवायचं आणि वर दुखापतीला लावतात ती चिकटपट्टी डकवायची. मंगळसूत्र पोलक्याच्या आत. बांगड्या तेवढ्या साबण लावून अलगद काढायच्या.

पाच निघाल्या. सहावी आणि सातवी कटकन फुटल्या. त्याच क्षणी बिभीषणाला ठसका लागला आणि तो कर्जत आलं तरी थांबला नाही. दर ठसक्याला तो छातीवर हात ठेवायचा आणि छबूबाई तोंडातल्या तोंडात देवाची माफी मागायची. गाडीतल्या लोकांनी त्याला खिडकीजवळची जागा दिली.

वाटेत त्याने तिच्याकडून धडा पाठ करून घेतला. "नाव?" लंकाबाई. "मालकाचं नाव?" सहादेव भिकाजी. "पोरं?" एक लेक. छबूबाई एकदाही चुकली नाही. बिभीषणाला वाटलं, हिला शाळेत घातलं असतं तर आपली पंचाईत झाली असती.

बँकेत गर्दी होती. पगार आल्याची बातमी सगळ्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना लागली होती. खिडकीत पुंजाराम नावाचा क्लार्क बसलेला, डोकं वहीत घातलेलं. हा माणूस कुणाच्या तोंडाकडे बघत नाही अशी बिभीषणाला खात्रीची बातमी होती. तो स्वतः या बँकेत पहिल्यांदाच येत होता. लंकाबाईला आजवर ज्योतीच आणायची.

"नाव?" पुंजारामने वहीला विचारलं.

"लंकाबाई."

"मालकाचं नाव?"

"सहादेव," छबूबाई म्हणाली. खणखणीत, पाढा म्हणावा तसं. "सहादेव भिकाजी."

बिभीषणाची छाती फुगली. ठसका थांबला. पण पुंजारामचं पेनही थांबलं होतं.

"परत सांगा."

"सहादेव. कमी ऐकू येतंय व्हय, सायेब?"

पुंजारामने चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदा मान वर केली. "मावशी, गेल्या खेपेला या एका नावापायी तुम्ही माझा अर्धा तास खाल्ला होता. 'आमी न्हाई मालकाचं नाव घेत' म्हणालात. मी म्हटलं, लिहायला तर पाहिजे. शेवटी म्हणालात, पांडवातला धाकला. मी नकुल लिहिलं तर माझ्यावरच डाफरलात."

रांगेतल्या चार म्हाताऱ्या जवळ सरकल्या.

"आता सरावली ती," बिभीषण मधे पडला. "नऊ वर्सं झाली मानूस जाऊन. धीट झाली."

"बरं. कपाळाला काय झालं?"

"चौकट लागली," छबूबाई म्हणाली. हे पाठ केलेल्यात नव्हतं. बिभीषणाला तिचा अभिमान वाटला.

"आणि हे सोबत कोण?"

"पुतन्या."

"साक्षीला घेतो यांना. पुतण्याचं नाव?"

बिभीषणाने तोंड उघडलं. पुंजारामने हात वर केला. "तुम्ही नाही. मावशींना सांगू द्या."

आणि इथे सगळा धडा संपला. छबूबाईने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पदराचं टोक दातांत धरलं आणि कानापर्यंत लाल झाली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. हळदीकुंकवाला आणि बारशाला, तेही उखाण्यात, एवढंच तिने ते नाव घेतलेलं. परक्या पुरुषासमोर, चार लोकांत, भर बँकेत, नुसतं उघडं नाव?

"घे की," बिभीषण दातांमागून म्हणाला.

"त्ये... तेंचं..."

"पुतण्याला 'तेंचं' म्हणता?" पुंजाराम म्हणाला.

छबूबाईने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली. "रावनाचा धाकला भाऊ," ती म्हणाली आणि गोड लाजली.

रांगेतली पहिली म्हातारी बायडाबाई नावाची होती, आणि तिला वाचता येत नसलं तरी दिसत चांगलं होतं. "अवो क्लार्क," ती म्हणाली, "मालक हाय की त्यो तिचा. गेलेल्याचं नाव खडाखडा घेती, आन जित्याचं ओठावर येईना तिच्या."

लाजेने आलेल्या घामाने चिकटपट्टीचं एक टोक सुटलं. मग दुसरं सुटलं. पट्टी खिडकीच्या फळीवर पडली आणि कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू सगळ्या बँकेने बघितलं.

हसणं ओसरल्यावर पुंजाराम म्हणाला, "नाव तर मला लागेलच. आता साक्षीदार म्हणून नाही, आरोपी म्हणून."

"नुसतं न्हाई घ्यायची ती," बायडाबाईने निवाडा दिला. "उखान्यात घे गं पोरी. तेवढी सवलत दे रं तिला."

म्हाताऱ्यांनी छबूबाईला घेरलं. सुटका नव्हती. तिने डोळे मिटले आणि म्हटलं:

"बँकेच्या खिडकीला लोखंडाची जाळी,
बिभीषणरावांच्या अकलेपायी चिकटपट्टी कपाळी."

पुंजारामने नाव लिहून घेतलं. पासबुक मात्र ड्रॉवरमध्ये टाकलं. "आठ दिवसांत खरी लंकाबाई या खिडकीशी उभी पाहिजे. नाहीतर हे मोठ्या साहेबांकडे, आणि तिथून पुढं पोलिसात."

बिभीषणाचा ठसका परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी तो नगरला गाडी बदलून संगमनेरला गेला. बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून स्टँडवर झबलं, टोपडं आणि डिंकाचे लाडू घेतले. लंकाबाईने नातवाला त्याच्या मांडीवर दिलं, चहा दिला आणि विचारलं, "कोंबडी बरी हाय नव्हं?" कोंबडी बरी होती. मग त्याने बाकीचं सांगितलं. नातू मांडीवर असल्यामुळे लंकाबाईला हात उचलता आला नाही, एवढी एक गोष्ट त्या प्रवासात त्याच्या बाजूने झाली.

कर्जतला येईपर्यंत ती गाडीत त्याच्याकडे पाठ करून बसली. खिडकीशी उभी राहिली तेव्हा पुंजारामने रीतीप्रमाणे विचारलं, "मालकाचं नाव?"

"तुला ठावं हाय की."

"सांगावं लागतं, मावशी."

"पांडवातला धाकला. आन नकुल लिव्हशील तर बघ."

पुंजारामने हसत सहादेव लिहिलं, सहाशे मोजून दिले, पासबुक परत केलं. "मावशी, हे पुस्तक कुणापाशी ठेवू नका आता. शिकलेल्यापाशी तर नाहीच."

"पैशाचं जाऊ दे रं," लंकाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "पन तेंचं नाव? तेंच्यासंगं तीस वर्सं नांदले, वर नऊ वर्सं तेंच्यामागं काढली, कंदी तोंडातनं काडलं न्हाई. आन ही भवानी भर बँकेत गाजरं इकल्यावानी वरडली." तिने खिडकीच्या जाळीवर बोट आपटलं. "ध्येनात ठिव. जी बाई तेंचं नाव धडाधडा घील, तिला एक पैसा द्यायचा न्हाई."

पुंजारामने ते खरंच वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं.

त्या रविवारी गोरक्षनाथाच्या घरी लंकाबाईला पुढे बसवलं, कारण ती संगमनेरहून पेढे घेऊन आली होती. छबूबाईच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या, दोन फुटलेल्यांच्या जागी एक डझन, कारण बिभीषणाला धोका पत्करायचा नव्हता. तो उंबऱ्याबाहेर चपलांत बसला होता. पिक्चरमध्ये पुढे काय होणार ते त्याला कळलं होतं, पण तो गप्प राहिला. मनात तो हिशेब मांडत होता: कर्जतचं एसटी भाडं दोन खेपांचं, संगमनेरचं दोघांचं, झबलं, टोपडं, लाडू, बांगड्या, ठसक्याचं औषध, आणि पेढे, कारण ते लंकाबाईने त्यालाच घ्यायला लावले होते. पगार लंकाबाईला मिळाला, बांगड्या छबूबाईला, पेढे सगळ्या गावाला, आणि पैसे भरले सगळे बिभीषणाने.