भरून दिलेला पेन ड्राइव्ह

तारापूरच्या बाजूला समुद्रालगत एक गाव आहे. गावात मच्छीमार सोसायटी आहे आणि सोसायटीच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर आहेत. एका कारखान्याने नवे घेतले तेव्हा जुने गावाला दिले, देताना फोटोही काढला. फोटो अजून झकास आहे. कॉम्प्युटरांना खाऱ्या वाऱ्याने गंज धरलाय, आणि एक तर चालू केला की आधी खोकतो, मग विचार करतो, मग उठतो.

त्या तिघांना नलूच उठवायची. लग्न होऊन गावात आली तशी ती सोसायटीत लिहायला लागली. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, मग या मशीनवर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सकाळी कुलूप उघडायचं, टेबल पुसायचं, येईल त्याचा अर्ज लिहून द्यायचा, हे तिचं सगळं.

कॉम्प्युटरवर लिहायचं जे सॉफ्टवेअर होतं ते कोणीतरी कुठूनतरी आणून टाकलेलं होतं. म्हणजे चोरीचंच. पावसाळ्यानंतर त्याच्यावर एक लाल पट्टी यायला लागली. नलूने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मग एक दिवस पट्टीने अक्षरं उमटायचीच बंद केली.

पुंडलिक यंदाच अध्यक्ष झालेला. आयुष्यभर होडीवर तांडेल होता, खलाशांना हुकूम देणारा, त्यामुळे ऑफिसातही तो मागे हात बांधून उभा राहायचा आणि "दाब", "सोड", "थांब" एवढंच बोलायचा. लाल पट्टीकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "आता बास. सभेत ठराव मांडतो. तिन्ही भंगारात. लिहायचं काम आपल्या भाग्येशच्या सेंटरला देऊ, बोईसरला."

भाग्येश त्याचा पुतण्या. त्याच्या सेंटरला एसी होता.

"आन् मी?" नलूने विचारलं.

"तू काय, लय केलंस. आता आराम कर."

आराम करायचा म्हणजे घरी बसून भिंतीकडे बघायचं, दुसरं काय! पण भांडून उपयोग नव्हता. ती म्हणाली, "सभेसाठी वर्षाचा अहवाल मी याच मशीनवर काढून दाखवला तर?"

"दाखव. मग बघू," पुंडलिक म्हणाला. 'मग बघू' म्हणजे नाही, हे गावात शेंबडं पोरही सांगेल.

ती उठली आणि बोईसरला धर्मेशच्या दुकानात गेली. धर्मेश कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नलूबेन, फुकटवालं ऑफिस सॉफ्टवेअर टाका ना. चोरीचं नाय, खरंच फुकट. जगभरची माणसं मिळून बनवतात, वाटून टाकतात. जुन्या मशीनवर पण चालतं."

"आन् त्यांना काय मिळतं?"

"काय नाय."

नलूला हे पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. दोन दिवसांनी धर्मेश पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः आला. एका मशीनवर त्याने टाकून दाखवलं, दुसऱ्यावर कसं टाकायचं ते समजावलं. तिसऱ्यातली मेमरी काढून पहिल्यात बसवली, तेव्हापासून तिसऱ्यावर टेबलफॅन ठेवतात. पैसे विचारले तर कानाला हात लावला. "फुकट वस्तूचे पैसे घेऊ? पेन ड्राइव्ह असू दे, सावकाश परत द्या," असं म्हणून गेला.

नव्या ऑफिसला उघडायला वेळ लागायचा. नलू बटण दाबून चहा टाकायची, चहा गाळेपर्यंत ते उघडायचं. पण उघडलं की सगळं मराठीत. 'जतन करा' वाचून तिला बरं वाटलं; इतकी वर्षं ती नुसतं डिस्केटचं चित्र बघून दाबत होती. सभेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत अहवाल पुरा झाला. छापायचा तेवढा उद्यावर ठेवला, कारण आज काम नको असं प्रिंटरचं म्हणणं होतं.

आता राहिला पेन ड्राइव्ह. भाग्येशचा एक माणूस संध्याकाळी बोईसरला परत जाणार होता, त्याच्याकडे देता आला असता. पण तसा द्यायचा कसा? या गावात शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. कालवण आलेलं असेल तर निदान मूठभर जवळा तरी घालून द्यायचा. धर्मेश तर कांदालसूणही खात नाही, जवळ्याचं नाव काढायची सोय नाही. नारळ देता आला असता, पण तो भांड्याबरोबर झाला. द्यायचं ते भांड्यात.

नलूने विचार केला. पेन ड्राइव्हमध्ये मावेल असं तिच्याकडे एकच होतं. धर्मेशने दिलेल्या वस्तूवर पहिल्यांदा काढलेलं, ताजं. तिने अहवालावर उजवी कळ दाबली. 'कॉपी' केलं तर दिलेलं आपल्याकडेही उरतं, हे तिला माहीत होतं. मग ते देणं कसलं? तिने 'कट' दाबलं आणि पेन ड्राइव्हमध्ये नेऊन ठेवलं. नंतर नवं ऑफिस उघडून बघितलं तर पहिल्या पानावर अहवालाचं छोटं चित्र तसंच होतं. म्हणजे देऊनही इथे आहेच! फार मोठ्या मनाचं सॉफ्टवेअर आहे, असं तिला वाटलं. पेन ड्राइव्ह रवाना झाला.

सभा दुसऱ्या दिवशी चारला. सकाळी तिने छापायला म्हणून त्या चित्रावर क्लिक केलं. फाइल अस्तित्वात नाही, असा निरोप आला. पुन्हा क्लिक केलं, तोच निरोप. म्हणजे इथे नुसतं चित्र उरलं होतं, अहवाल गेला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"नलूबेन," धर्मेश म्हणाला, "पेन ड्राइव्हमध्ये तुमची फाइल आलीय. चुकून राहिली काय? व्हॉट्सॲपवर पाठवू? एक मिनिटाचं काम."

हो म्हटलं की नलू सुटली. पण दिलेलं परत मागायचं? काल दिलेलं कालवण आज मागायला कोणी गेलंय का गावात?

"चुकून नाय," ती म्हणाली. "तुमालाच दिलीय."

"मला?" धर्मेशने विचारलं. "मच्छीमार सोसायटीचा अहवाल?"

"हां."

"मग बरं झालं. मी वाचला."

"अख्खा?"

"गिऱ्हाईक नव्हतं. त्या आत्मारामचं इंजिन बंद पडलं, दादूने त्याची होडी ओढून आणली, तरी दोघं बोलले नाय, ते खरं?"

"अजून बोलत नायत."

"कमाल हाय. छान लिहिता तुमी."

इतक्या वर्षांत अहवाल लिहिल्याबद्दल तिला कोणी काही म्हटलं नव्हतं. नलूला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ नुसती बसून राहिली. मग तिची नजर घड्याळाकडे गेली आणि ती पुन्हा लिहायला लागली.

सगळं डोक्यात होतंच. पण 'सदर अहवाल सालात' आणि 'सभासदांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' यांना आता वेळ नव्हता. जसं बोलतो तसं लिहीत गेली. पहिल्या वेळी हात आखडला होता अशा दोन-चार गोष्टीही लिहून टाकल्या, कारण खोडत बसायलाही वेळ नव्हता. माणसं मंडपात जमायला लागली तेव्हा प्रिंटर शेवटचं पान ओढत होता.

सभा सुरू झाली. पुंडलिकने पानं हातात घेतली, मागून-पुढून बघितली आणि अध्यक्षांचं दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "अहवाल वाचला असं समजून मंजूर करू या."

"नाय," नलू म्हणाली. "वाचायचा."

"वाचायचा म्हणजे?"

"म्हणजे मोठ्याने. बोईसरला एक माणूस मासळीला हात लावत नाय, त्याने वाचला. तुमाला काय झालं?"

नलू उभी राहिली, त्याच्या हातातली पानं घेतली आणि वाचायला लागली. आत्माराम आणि दादूचं आलं तेव्हा मंडपात हसू पिकलं. ते दोघं दोन टोकांना बसले होते, दोघांनीही मान खाली घातली. नर्मदाआजीच्या मुलाला परक्या कोस्टगार्डने धरलं आणि सोडलं, ते आलं तेव्हा आजीने पदर डोळ्यांना लावला. कोणी उठून गेलं नाही. ठरावासाठी आलेला भाग्येश मोबाइल बघत होता, त्याने तो खिशात ठेवला.

शेवटच्या पानावर नलू जरा अडखळली. मग वाचलं, "यंदा पुंडलिक तांडेलांनी आपली होडी विकली. नव्या मालकाने तिचा रंग बदलला. तिच्यावरच्या खलाशांना दुसऱ्या होड्यांवर जागा मिळाली. तांडेलांना ऑफिसात खुर्ची मिळाली. ते रोज येतात. काम नसलं तरी येतात."

होडी विकल्यापासून तिचं नाव पुंडलिकसमोर कोणी काढलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा.

पुंडलिक हात मागे बांधून उभा होता. "परत वाच," तो म्हणाला.

नलूने परत वाचलं.

"पुढचा विषय?" त्याने विचारलं.

"कॉम्प्युटर भंगारात काढणे," भाग्येश म्हणाला, "आन् लिहायचं काम..."

"चालतायत ना?" पुंडलिकने नलूला विचारलं.

"दोन चालतात."

"मग झालं. पुढचा विषय."

"काका, ठराव तुमचाच हाय," भाग्येश म्हणाला.

"मला माहीत हाय," पुंडलिक म्हणाला. "पुढचा विषय घे. आन् नलू, उद्या जरा लवकर उघड. मी येतोय."