माझ्या शेजारी आलेला नवा मिक्सर

मित्रांनो, मी पीठ मळणारा मिक्सर आहे. जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे आणि चालू होण्याआधी मी दोनदा खाकरतो. पावांच्या एका छोट्या बेकरीत, भट्टीच्या डाव्या हाताला, मी बावीस वर्षे उभा आहे. माझी गोष्ट फारशी अभिमानाची नाही, कारण तिच्यात मी बराच काळ नुसता जळत बसलो होतो.

मला मालकीणबाईंनी चार गल्ल्या पलीकडच्या दुकानातून आणले. दुकानदाराच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला असे, म्हणून सगळे त्याला टेस्टरभाऊ म्हणत. त्याने आधी दुकानातच पीठ मळून दाखवले आणि मग वॉरंटीच्या कार्डावर स्वतःच्या हाताने तारीख घातली. वॉरंटी होती एका वर्षाची, पण तो पुढेही येतच राहिला. माझा पट्टा सैल झाला, बेअरिंग वाजू लागले, की बाई निरोप धाडत आणि तासाभरात हा पाना-पक्कड घेऊन हजर. "या मिक्सरला मरण नाही, वहिनी," असे तो म्हणे, आणि मी दिवसभर फुशारकीत फिरत राही.

मग बाईंच्या मुलाचे लग्न झाले. मुलगा दूरच्या गावी नोकरीला आणि सूनबाई बेकरीत. हुशार मुलगी. तिनेच खटपट करून इस्पितळाच्या कँटीनला रोज पाव पुरवण्याचे काम मिळवले. पहिला महिना चाचणीचा होता. एक दिवस जरी पाव चुकले तरी काम दुसऱ्याला जाणार होते.

आणि एका सकाळी दारात टेम्पो थांबला. त्यातून भलेमोठे खोके उतरले आणि खोक्यातून तो निघाला. चकचकीत स्टीलचा, माझ्या दुप्पट भांड्याचा, पोटावर आकडे दाखवणारी काच असलेला. सूनबाईने तो फोनवर पाहून ऑनलाइन मागवला होता. माझ्या अंगावर पोत्याचे फडके टाकताना बाईंचा हात क्षणभर थांबला.

त्या फडक्याखाली माझा नुसता जळफळाट झाला. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. खाकरणे नाही, खडखड नाही, मांजरासारखी मऊ गुरगुर. गिऱ्हाईक आत डोकावून म्हणे, "वा, काय मशीन आहे." माझ्याकडे बोट दाखवून कुणीतरी एकदा विचारले, "हे भंगारात द्यायचंय का?" मित्रांनो, खरे सांगतो, मी रोज मनात म्हणत असे, बंद पड, एकदा तरी बंद पड.

अकराव्या दिवशी तो बंद पडला. काचेत कसलेसे अक्षर लुकलुकू लागले आणि भांडे जागच्या जागी थांबले. मला इतका आनंद झाला की पट्टा सैल असता तर गळून पडला असता.

सूनबाईने कंपनीला फोन लावला. तिकडून तक्रारीचा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी सांगितले, मशीन मूळ खोक्यात भरून पाठवा. खोके तर तिने कधीच रद्दीवाल्याला दिले होते. जवळ सर्व्हिस सेंटर आहे का, तर नाही. बाहेरच्या माणसाने उघडले तर वॉरंटी जाईल, हे मात्र दरवेळी न चुकता सांगत.

बाईंनी माझ्यावरचे फडके काढले. "चल रे," म्हणाल्या. मी जीव तोडून फिरलो. माझे भांडे लहान, म्हणून जिथे त्याचे पाच घाणे होत तिथे माझे दहा. प्रत्येक घाण्याला बाई वाकून दोन्ही हातांनी पीठ उपसत होत्या. सहा दिवस इस्पितळाचा एकही पाव चुकला नाही. मी शेजारच्या त्या मुक्या स्टीलकडे बघून मनात हसत होतो.

टेस्टरभाऊही येऊन गेला. दारातूनच म्हणाला, "ऑनलाइन घेतलंय ना? मग ऑनलाइनच दुरुस्त करा." तो हसला, तेव्हा मला वाटले, हा अगदी माझ्यासारखाच हसतो. आणि ते काही बरे वाटले नाही.

सातव्या दिवशी बाई घरातून पावांचे ट्रे आणायला गेल्या होत्या. सूनबाईने परत कंपनीला फोन लावला. या वेळी तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"ताई, तुम्ही नंबर नका सांगू, माझं ऐका," ती म्हणाली. "मी हे मिरवायला नाही घेतलं. माझ्या सासूबाईंचा उजवा खांदा गेलाय. वेणी घालायला हात वर जात नाही त्यांचा. मला सांगत नाहीत, पण मी बघते ना. जुन्या मिक्सरमधून वाकून पीठ काढावं लागतं. याचं भांडं आपोआप कलतं, म्हणून हे घेतलं."

बाई ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले. मीही ऐकले. बावीस वर्षे ज्या हातांचा मी लाडका होतो, ते हात मीच झिजवले होते, आणि मी ते कधी पाहिलेच नव्हते.

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "अगं, मला आधी सांगायचंस."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत, आई?"

बाई तशाच पिठाच्या हातांनी टेस्टरभाऊच्या दुकानात गेल्या आणि त्याला घेऊनच आल्या. तो अवघडून उभा राहिला. "सूनबाई, तू आधी माझ्याकडेच विचारायला आली होतीस," तो म्हणाला, "आणि मी म्हणालो, कशाला हवाय नवा. चुकलंच माझं. दे तो फोन."

त्याने मशीन उघडले नाही. बाहेरूनच वीज तपासली, काचेतले अक्षर वाचले आणि कंपनीच्या माणसाला त्याच्याच भाषेत सांगितले, की मोटर ठीक आहे, आतले सर्किटचे कार्ड गेले आहे. "कार्ड कुरियरने पाठवा. मी बसवतो. पण मी उघडल्याने वॉरंटी जाणार नाही, असं आधी लेखी द्या." संध्याकाळी मेल आला, तिसऱ्या दिवशी कार्ड, आणि अर्ध्या तासात माझा शेजारी पुन्हा गुरगुरू लागला.

मित्रांनो, तुम्हीही मोठे झाल्यावर यंत्रे विकत घ्याल. दुकानातून घ्या नाहीतर फोनवरून, पण घेण्याआधी विचारा, की हे बंद पडले तर कोण येईल. बिल जपून ठेवा, खोके लगेच देऊन टाकू नका. आणि यंत्राची काळजी घेताना ते चालवणाऱ्याच्या खांद्याकडेही बघा, कारण आम्हाला तो दिसत नाही.

माझा मत्सर गेला असे म्हणालो तर ते खोटे होईल. त्याची गुरगुर ऐकली की अजून पोटात दुखते. आता माझ्याकडे फक्त मंगळवारचे टोस्टचे थोडे पीठ असते. पण तो दुरुस्त झाला त्या दिवशी बाईंनी एक बटण दाबले, त्याचे भांडे हळूहळू कलले, पीठ आपणहून ओट्यावर आले, आणि बाई न वाकता, ताठ उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. एवढे मला कधी जमले नव्हते.