उठवायचं नाही

राखीव जंगलातल्या उपाहारगृहाबाहेर त्या रविवारी बाळांच्या लाल घसरगाड्या ओळीने लावून ठेवलेल्या होत्या. गाड्यांत बाळं झोपलेली, आणि आत उबेला बसून त्यांचे आईबाप वॉफल खात होते. थंडीत बाहेर निजवलेलं मूल गाढ झोपतं, आणि झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही, याबद्दल त्या डोंगरात कुणाचं दुमत नव्हतं. इंगुनचं होतं, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिचा सिग्वे जेमतेम बसायला लागला होता. वर येताना तिने वळणावळणाला स्की थांबवून गाडीवरचं कापड उचललं होतं, श्वास चालू आहे ना ते बघायला. सासूबाई, गेर्द, दर वेळी पुढे जाऊन थांबायच्या आणि काठीने बर्फावर रेघा ओढत बसायच्या. वॉफलवर तपकिरी चीज ठेवताना मात्र त्या म्हणाल्या, "परतताना एकदाही बघायचं नाही. जमेल?"

इंगुन जमेल म्हणाली. पुढच्या महिन्यात ती कामावर रुजू होणार होती आणि सिग्वे दिवसभर गेर्दकडेच राहणार होता. तेव्हा जमायलाच हवं होतं.

दोघी बाहेर आल्या तोवर बरंच बर्फ पडून गेलं होतं. सगळ्या गाड्या पायथ्याच्या एकाच दुकानातून भाड्याने आणलेल्या, म्हणून मुळातच सारख्या. आता तर पांढऱ्याशुभ्र. इंगुनने कडेची गाडी कमरेच्या पट्ट्याला अडकवली आणि कापडाला हात न लावता निघाली.

परतीची वाट आधी स्प्रूसच्या झाडांतून चढते. चढावर ती धापा टाकत म्हणाली, "आज जड लागतोय."

"पोटभर प्यायलाय," गेर्द म्हणाल्या.

चढाचा माथा दिसायला लागला तेव्हा गाडीतून स्पष्ट आवाज आला, "केळं."

दोघी थांबल्या. सिग्वे अजून नुसते हुंकार देत होता.

"बोलला," इंगुन म्हणाली.

"आमच्याकडे सगळे लवकरच बोलतात."

"सोलून," गाडीतून आलं.

इंगुनने कापड उचललं. आत पिवळी टोपी घातलेली, चांगली दोन-अडीच वर्षांची मुलगी होती. ती दोघींकडे बघत होती. तिची काही तक्रार दिसत नव्हती.

गेर्दनी काठ्या वळवल्या. "मी पुढे होते," एवढंच म्हणाल्या आणि त्या वयात कुणी उतरू नये अशा वेगाने खाली गेल्या. इंगुनलाही तसंच सुटावंसं वाटत होतं, पण मागे दुसऱ्याचं लेकरू बांधलेलं. स्की तिरक्या धरून, वेग आवरत आवरत ती उतरली. मागून मुलीने आणखी दोनदा केळं मागितलं. बर्फात सिग्वेचा चेहरा उघडा पडला असेल, कुणी तिसऱ्यानेच गाडी ओढून नेली असेल, असं सगळं इंगुनच्या डोक्यात क्रमाने येऊन गेलं.

गेर्द ओळीतल्या एका गाडीपाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातमोजा काढलेला, हात कापडाखाली मनगटापर्यंत आत.

"चालू आहे," त्या म्हणाल्या.

मुलीचा बाप दारात आला. त्याच्या हातात अर्धं वॉफल होतं. इंगुनने त्याला झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला. त्याने तोंडातला घास संपवला. मग विचारलं, "रडली का?"

"नाही. केळं मागत होती."

"ते ती मागतेच," म्हणून तो मुलीला कडेवर घेऊन आत गेला.

इंगुनने सिग्वेचे पट्टे सोडले आणि गाढ झोपलेल्या पोराला उचलून छातीशी धरलं. तो जागा झाला आणि त्याने जंगलभर ऐकू जाईल असा टाहो फोडला. तिने त्याला गप्प केलं नाही. आतली माणसं वॉफल खायची थांबली आणि कुणी हे केलं ते बघायला खिडकीशी जमली.

गेर्द उठल्या. गुडघ्यांवरचं बर्फ झटकून त्या खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. कोट रुंद होता. मायलेकरं त्यामागे पुरती झाकली गेली.

"रडू दे त्याला," त्या म्हणाल्या.