विहिरीत न्यायची बॅटरी

अकोटबाहेर शेवंतीचा मळा असलेल्या खुशालरावांची बायको पार्बताबाई रात्री विहिरीत बुड्या मारते, हे गावात दोघांनाच ठाऊक होतं: तिला आणि खुशालरावांना. माहेरी भावांनी पाठीला वाळका भोपळा बांधून तिला पोहायला शिकवलं होतं, आणि लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ती खोड काही गेली नव्हती. दिवसा बाईमाणसानं विहिरीत उडी मारली तर गावाला महिनाभर तोंडी लावायला झालं असतं. म्हणून निजानीज झाली की ती लुगड्याचा काचा घट्ट मारी आणि खुशालराव कठड्यावर राखणीला बसत. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातसुद्धा ते देवाचं नाव घेत.

पार्बताबाईची एकच हौस राहिली होती. ज्या विहिरीच्या तळाला तिनं बावीस वर्षं हात लावला, ती तिनं आतून कधी पाहिली नव्हती. पूर्वेच्या अंगाला तळाशी एक जागा होती. तिथं तळहात ठेवला की गार पाणी बोटांना गुदगुल्या करत वर येई. तो झरा. विहीर कधी आटलीच नव्हती, त्यामुळे तो कुणीच पाहिलेला नव्हता. तिला तो एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

एकसष्ट सालच्या दसऱ्याला शेवंती चांगली गेली, आणि दोघं एसटीनं अकोल्याला ओमप्रकाशच्या बॅटऱ्यांच्या दुकानात आली. त्यानं लगेच पाच सेलांची लांबलचक बॅटरी काढली.

"हे घ्या, भाऊ. तीन वावरांपल्याड रानडुक्कर दिसते."

"आमाले डुक्कर नाई पाहाचं," पार्बताबाई म्हणाली. तिनं शेजारची दोन सेलांची उचलली. "बादली हाय का? पान्यात घालून पायते."

"बाई, बॅटरी घेऊन राहिल्या का मासोळी?"

"इहिरीत बादल्या पडतात, त्या काढाले पायजे," ती धडधडीत खोटं बोलली. खुशालराव छताकडे बघू लागले.

ओमप्रकाश मात्र हुशार. त्यानं शेजारच्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचे तुकडे आणले, त्यातला एक त्या छोट्या बॅटरीवर मोज्यासारखा चढवला, मागचं तोंड दोरीनं आवळलं आणि काचेच्या कडेनं मेण ओतलं. पहिल्या वेळी बादलीत बुडबुडे आले. मेणाचा दुसरा थर दिल्यावर आले नाहीत. पाण्यातून पिवळा, मऊ उजेड वर आला आणि पार्बताबाईचा चेहरा खुलला.

"हेच बांधा."

खुशालरावांनी पाच सेलांची पुढे सरकवली. तिनं ती मागे सारली. त्यांनी पुन्हा पुढे सरकवली.

"अवो, सडकेवरून दिसन! येवढा उजेड कायले?"

"असू दे."

"गावभर झालं म्हंजे? डोकं फिरलं का तुमचं?"

एरवी ती म्हणेल ती पूर्व दिशा मानणारा हा माणूस, पण आज बॅटरीवरचा हात काढेना. तो नखानं लाकडी फळी कोरत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू खाली गेली का मले काईच दिसत नाई. मी मोजत बसतो. सत्तर झाले का माहा जीव जागेवर राहत नाई."

"कवापासून मोजता?"

"पयल्या रातीपासून."

ओमप्रकाश उगाच खोकी झटकायला आत गेला. पार्बताबाईला आजवर वाटे, हे वर बसून तंबाखू मळतात. कितीदा तर ती मजा म्हणून मुद्दाम खाली जास्त वेळ राहिली होती. आता स्वतःचाच राग आला तिला, आणि नवऱ्याबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे पुसायला पदर तोंडावर घ्यावा लागला.

"ओमप्रकाशभाऊ," तिनं आवाज दिला, "पाच सेलांच्या बॅटरीवर चढवा ट्यूब."

अवसेच्या रात्री ती बॅटरी पेटवून विहिरीत उतरली. सगळं पाणी हिरवंगार उजळलं. सडकेवरून कुणाला दिसलं असेल तर दिसो. पूर्वेच्या अंगाला तळाशी बारीक पांढरी वाळू उकळत्या भातासारखी उसळत होती, बसत होती, पुन्हा उसळत होती. एवढंच. पण पार्बताबाईला ते इतकं गोड वाटलं की ती पाण्यातच हसली आणि नाकात पाणी गेलं. निघताना तिनं बॅटरी वर धरून दोनदा हलवली.

ती खोकत पायरीवर आली. खुशालराव कठड्यावरून पार आत वाकले होते. इतके वाकलेले तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"किती झाले?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"मोजलं ना?"

खुशालरावांची नजर अजून पाण्यावरच होती.

"भुललो," ते म्हणाले. "जाय, पुन्हा एकडाव जाय."