बिनफळाची चेरी

मी हायडेलबर्गच्या एका उद्यानातली चेरी बोलते आहे. एप्रिलमध्ये बोलले असते तर कोणी ऐकले नसते. तेव्हा सगळे माझ्याकडे पाहण्यात गुंतलेले असतात.

माझा जन्म रोपवाटिकेत, चाकूने झाला. मुळे रानचेरीची, वरचे अंग जपानी जातीचे. दोहोंना पट्टीने बांधून एक झाड म्हणायचे ठरले. माझ्या फुलांतले पुंकेसर पाकळ्या होऊन बसले आहेत. त्यामुळे फूल भरगच्च दिसते आणि फळ धरत नाही. मला लावणाऱ्यांना नेमके हेच हवे होते: पिकलेल्या चेऱ्या पडून वाट घाण व्हायला नको.

बहराच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. माणसे माझी फांदी हलवून पाकळ्यांचा पाऊस पाडतात, त्याचे चित्रण करतात, आणि तो नैसर्गिक वाटला नाही म्हणून पुन्हा हलवतात.

यंदा त्या गर्दीत एक मराठी कुटुंब आले. मुक्ता, विद्यापीठात संशोधन करणारी, सातव्या महिन्यातली, हिरव्या साडीवर जाड जॅकेट घातलेली. तिचा नवरा श्रीनाथ, इंजिनीअर. आणि डोहाळेजेवण करायला चिपळूणहून आलेल्या सासूबाई, विभावरीबाई. गेल्या वर्षी मुक्ताचे मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेले होते. तेव्हापासून तिला कुठलाच समारंभ नको होता. हा एक तिने सासूच्या शब्दाखातर मान्य केला, तोही घरात नाही, बागेत, या अटीवर.

विभावरीबाईंनी सतरंजी अंथरली, ओटीचे ताट मांडले आणि वर पाहिले.

“काय बहर आहे. श्रीनाथ, चेऱ्या लागल्या की फोटो पाठव हं.”

“आई, ह्याला चेऱ्या लागत नाहीत. आल्झो, म्हणजे नुसतं शोभेचं आहे.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

कुंकवाच्या करंड्याचे झाकण परत लागले. “उठा. दुसरं झाड बघू.”

“ही अख्खी रांग तसलीच आहे.”

“मग त्या बाकाशी बसू. फळ न धरणाऱ्या झाडाखाली मी सुनेची ओटी भरायची नाही. मागच्या खेपेनंतर तर नाहीच.”

शेजारच्या जर्मन कुटुंबाला वाटले, यांना जागा कमी पडते आहे. त्यांनी सौजन्याने आपल्या बाटल्या सरकवल्या.

मुक्ता उठली नाही.

“आई, मागच्या खेपेला चोरओटी तुम्ही चिपळूणला परसातल्या फणसाखाली भरलीत. फणस बुंध्यापर्यंत लगडला होता.”

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. प्रयोगशाळेतले निरीक्षण सांगावे तसे म्हणाली. श्रीनाथने जिलबीचा डबा उघडला आणि पुन्हा लावला.

विभावरीबाईंनी ताटातले तांदूळ बोटांनी सारखे केले.

“त्या फणसाचा एक गरा मी त्यानंतर खाल्लेला नाही,” त्या म्हणाल्या.

“मला माहीत नव्हतं.”

“सांगायचं काय त्यात.”

“त्याचा काय दोष होता, आई?”

“नव्हताच.”

“मग ह्या चेरीचाही नाही.”

करंडा उघडला. मुक्ताची ओटी भरली गेली. मग विभावरीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि माझ्या खोडाला हळदकुंकू लावले.

“आई, झाडाला कशाला?”

“गप रे. हिला आजवर कुणी लावलं नसेल.”

नव्हतेच लावले. पुढे बागेच्या देखभालीचा माणूस आला, त्याने ते डाग नखाने खरवडले आणि ही बुरशी नव्हे याची खात्री करून घेतली.

आता जून आहे. विभावरीबाई इथेच थांबल्या आहेत आणि मुलाच्या घरी बाळंतपणाची तयारी करताहेत. मी नुसती हिरवी आहे, आणि या रूपात मला फारसे कोणी ओळखत नाही. मुक्ता मात्र संध्याकाळी येते. तिचे दिवस भरत आले आहेत. पाठ दुखते म्हणून ती माझ्या खोडाला टेकून उभी राहते, पोटावर हात ठेवते आणि आतून हालचाल होण्याची वाट पाहते. ती झाली की घरी जाते.

मला तिला कसलेच आश्वासन देता येत नाही. तिनेही कधी मागितलेले नाही. वाचकहो, कधी इथून गेलात आणि ती अशी उभी दिसली, तर तिचे अभिनंदन इतक्यात करू नका. तिला टेकून राहू द्या. तेवढा भार मला पेलतो.