शंभरीचा कॅल्क्युलेटर

सोमवारी सकाळी अकरा वाजता पहिल्या चाचणीचे पेपर परत मिळाले. आमच्या पेपरवर शंभरपैकी चौदा गुण होते.

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि त्या वेळी मी त्याच बाकावर होतो. आधी मला वाटलं, एखादा आकडा लिहायचा राहिला असावा. माझ्या मालकिणीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने पान न् पान उलटून पुन्हा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

माझा जन्म कारखान्यातला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते मामाच्या खिशात. मामा जमिनीची मोजणी करायचा. उन्हातान्हात, धुळीत मी त्याला क्षेत्रफळं काढून दिली. माझं बेरजेचं बटण त्याच्याच अंगठ्याने गुळगुळीत झालं. पुढे भाची गणितात पहिली आली, तेव्हा त्याने मला तिच्या हाती सोपवलं. ती दरवेळी शंभर गुण आणायची म्हणून घरात तिचं नावच शंभरी पडलं. "पुढे आकडेच नव्हते, म्हणून थांबली," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

शाळेतले दिवस सुखाचे होते. शंभरी उदाहरण वाचायची, त्याचा प्रकार ओळखायची, माझी बटणं दाबायची आणि पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहून बरोबरची खूण करायची. खुणांनी पान भरलं की शीळ घालत जेवायला जायची. उशीर झाला तर आई म्हणायची, "बाईसाहेबांचं पोट आज गणितानेच भरलं वाटतं."

मग तिने गणिताच्या पदवीला प्रवेश घेतला. पहिल्याच तासाला मॅडमनी भिंतभर फळा लिहून काढला. त्यात एकही आकडा नव्हता. मी हबकलोच. जिथे पाहावं तिथे 'सिद्ध करा', आणि पुस्तकाच्या मागे उत्तरं नाहीत. शंभरी मला सवयीने बाकावर काढून ठेवायची, एवढंच. बटण मात्र एकही दाबलं जायचं नाही.

चौदा गुणांनंतर माझे दिवस पालटले. शंभरी वर्गात जाईनाशी झाली. ग्रंथालयात खिडकीजवळ बसून ती भराभर बटणं दाबू लागली, खुणा करू लागली. पुन्हा काम मिळालं म्हणून मी खूश होतो. चार दिवसांनी मला धक्का बसला. ही उत्तरं मी पूर्वीच दिली होती. तेच आकडे, तोच क्रम. ती शाळेचं पुस्तक सोडवत होती.

चाचणीचं काय झालं, असं वडील घरी विचारायचे. पेपर अजून तपासून व्हायचेत, असं ती सांगायची. आवाज जराही हलायचा नाही. दप्तरात मी थिजून जायचो.

एके दुपारी मॅडम ग्रंथालयात आल्या आणि तिच्या समोरच बसल्या. त्यांनी पुस्तक पाहिलं.

"हे तर तुला येतं."

"हो."

"मग पुन्हा कशाला?"

शंभरीने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "दिवसातून एकदा तरी काहीतरी बरोबर यावं म्हणून."

"माझं तर महिनोन्महिने काही बरोबर येत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याचाच पगार घेते मी."

शंभरी हसली नाही. मॅडमनी तिला सांगितलं की कमी गुण पडलेली पुष्कळ मुलं रोज चार वाजता त्यांच्या खोलीत जमतात. एकच प्रश्न घेतात आणि सगळे मिळून त्यात अडतात. तू उद्यापासून ये. पण वर्गात आलीच नाहीस, तर वर्ष हातातून जाईल. शंभरीने मान डोलावली, घाईघाईने वह्या गोळा केल्या आणि निघाली. मी टेबलावरच राहिलो.

ग्रंथपालांनी मला काउंटरच्या खणात, हरवलेल्या किल्ल्या आणि चष्म्यांशेजारी ठेवलं.

मित्रांनो, माझ्या काचेवर चरे पडलेत, त्याची तक्रार नाही. वस्तू जपाच; पण ज्याला सगळे हुशार म्हणतात, त्यालाही जरा जपा. चुकायची सवय नसलेलं माणूस पहिल्या चुकीलाच फार घाबरतं. किती पडले, हे विचारण्याआधी कुठे अडलं, ते त्याला विचारा.

आज दुपारी मॅडम काउंटरवर आल्या. शंभरी त्यांच्या खोलीत गेली नव्हती आणि वर्गातही आली नव्हती. आठवडाभर ती इकडेही फिरकलेली नाही, तिचा कॅल्क्युलेटर तेवढा पडून आहे, असं म्हणत ग्रंथपालांनी मला पुढे केलं. मॅडमनी मला उलटं करून पाहिलं. माझ्या पाठीवर तिच्या घरचा नंबर चिकटवलेला आहे. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. आईने उचलला.

"ती होय? ती कॉलेजातच आहे की," आई म्हणाली. "रोजच्यासारखी सकाळीच डबा घेऊन गेली."

मॅडमनी फोन अजून ठेवलेला नाही.