मराठी न समजणारा कुत्रा

गडचिरोलीचा जिल्हा झाला, साहेब लोक आले आणि त्यांच्या वाऱ्यानं गावातला जो तो शहाणा झाला. त्यामुळे दवाखान्याच्या फाटकाशी बसलेला तो म्हातारा कुत्रा कुणाचंच का ऐकत नाही, याचं कारण सगळ्यांना बसल्या जागी कळलं. चहाच्या टपरीवरचा लच्छू म्हणाला, "जंगलातला कुत्रा हाय तो. त्याले मराठी नाई समजत." झालं. कंपाउंडरनं मान डोलावली, रिक्षावाल्यानं डोलावली, आणि धुरपताबाईंनाही ते पटलं.

धुरपताबाई निमगडे त्याच दवाखान्यात आया होत्या. रिटायर होऊन वर्ष होत आलं होतं. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी कमला तिकडे भिलाईला. येशील तेव्हा ये, असं ती म्हणायची. पण दोन खोल्यांत आई झोपेल कुठं, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. वॉर्डात दिवसभर त्यांच्या नावाचा पुकारा असे. धुरपताबाई, गरम पाणी आणा! धुरपताबाई, पोराले धरा! आता सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. जेवायला बसलं की स्वतःच्याच घास चावण्याचा आवाज त्यांना ऐकू यायचा, आणि त्या आवाजाची त्यांना भीती वाटायची. म्हणून काम नसतानाही त्या रोज लच्छूच्या टपरीवर येऊन बसत.

कुत्रा आला होता भामरागडकडच्या कोलू नावाच्या माडिया आदिवासी म्हाताऱ्याच्या मागं. म्हाताऱ्याला माणसांनी आधी खाटेवर आणि मग ट्रकमध्ये घालून आणलं, तेव्हा कुत्राही ट्रकवर चढला. म्हातारा काही वाचला नाही. आभाळ भरून आलेलं. नद्यांना पाणी चढायच्या आत गाव गाठायचं म्हणून माणसांनी घाईघाईनं प्रेत ट्रकमध्ये ठेवलं. कुत्रा मागच्या व्हरांड्यात झोपला होता. त्याला हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या. आला नाही. ट्रक गेला, त्यामागं पाऊस आला आणि तिकडचा रस्ता बंद झाला. तोंडावरचे केस पांढरे झालेला, मागचा एक पाय ओढत चालणारा तो कुत्रा फाटकाशी भिजत बसून राहिला.

बाई एक दिवस त्याला दोरी बांधून घरी घेऊन आल्या. लच्छूला राहवलं नाही. "बाई, पाळाचाच होता त पिल्लू पाळाचं. हे म्हातारं, लंगडं कायले? आज हाय, उद्या नाई."

"मी तरी कोनती जवान हाव?" बाई म्हणाल्या.

कुत्रा घरी राहिला. सुकट घालून कालवलेला भात खायचा, अंग पुसू द्यायचा. पण तोंड सदा रस्त्याकडं. बाई मागून कितीही बोलावोत, कानसुद्धा हलवायचा नाही. आपल्या हाकेला त्यानं एकदा, फक्त एकदा उठून यावं, एवढंच बाईंना हवं होतं. त्या इच्छेनं त्यांना पार झपाटलं.

मराठी समजत नाही ना, मग त्याची बोली आपण शिकू. बाईंनी आठवडी बाजार गाठला. तिथं चारोळ्या विकायला बसणारी सुकरी माडियाच होती. "इगा वा म्हना," ती म्हणाली. "म्हंजे इकडं ये." मग डोळे मिचकावून विचारलं, "कुत्र्याशी बोलाले भाषा शिकून राह्यली का, बाई?"

शेजारीपाजारी हसले. हसोत बापडे. सगळा पावसाळा बाई दारात बसून "इगा वा, इगा वा" करत राहिल्या. शिकलेले शब्द संपले की मराठीत बोलायच्या. कमलाबद्दल बोलायच्या. वॉर्डातल्या मेलेल्या पोरांबद्दल, ज्यांना त्यांनी स्वतः कापडात गुंडाळलं होतं. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं तेही त्या पाठमोऱ्या कुत्र्याला सांगून झालं. तो रस्ता बघत राहायचा.

थंडी पडली, रस्ता उघडला. एके सकाळी टपरीवर एक बाई पोराला कडेवर घेऊन विचारत आली. कोलूची मुलगी, बुधरी. "माह्या बापाचा कुत्रा इथीच राह्यला म्हनते. जिता हाय का?"

धुरपताबाईंनी हातातला कप खाली ठेवला. ही आता त्याला घेऊन जाणार. "हाय," त्या म्हणाल्या. "माह्या घरी हाय." पण चल, दाखवते, असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"राहू द्या तुमच्याजवळ," बुधरी म्हणाली. "एवढ्या दूर त्याले कुठी नेऊ? पन आयकत नसन तुमचं."

"नाई आयकत. तुमच्या बोलीत बी सांगून पाह्यलं."

बुधरी तोंडाला पदर लावून हसली. "बहिरा हाय तो, बाई. कईपासूनचा. बाप जमिनीवर पाय आपटे. जमीन हालली का त्याले समजे."

"आन् नाव काय त्याचं?"

"बहिऱ्याले नाव कायले?"

धुरपताबाईंना आधी हसू आलं. घराकडं चालताना मात्र सगळा पावसाळा आठवला. एवढं सगळं बोललो आणि एक शब्द कुणाच्या कानात गेला नाही. तरी मनातून त्या हरखल्या होत्या. हाक कशी मारायची ते आता कळलं होतं.

कुत्रा नेहमीसारखा अंगणाच्या टोकाला पाठमोरा पडला होता. बाईंनी चपला काढल्या, दारात उभ्या राहिल्या आणि जोरानं टाच आपटली.

तो ताडकन उठला. पाय ओढत, शेपूट हलवत, असा धावत आला की बाईंना तो दुसराच कुत्रा वाटला. आला, त्यांचे पाय हुंगले, मग मान वर करून तोंडाकडं पाहिलं. शेपूट थांबली. त्यांना वळसा घालून तो घरात शिरला. खाटेखाली पाहिलं, चुलीमागं पाहिलं, मोरीत पाहिलं. बाहेर आला आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड करून पडला.

बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. तो म्हाताऱ्याच्या हाकेला आला होता. पुन्हा टाच आपटली तर पुन्हा येईल, पुन्हा खाटेखाली बघेल. मरेपर्यंत दर वेळी येईल.

त्यांनी ताटात भात वाढला, कुत्र्यासमोर त्याला दिसेल अशा बसल्या आणि दोघं जेवली. त्यानंतर त्या अंगणात बाईंनी कधी पाय आपटला नाही. कुत्र्याशी काही काम असलं, की त्या उठून त्याच्यापाशी जायच्या.